फिर्यादीतला बाप

नोकरीत लिहिलेल्या बहुतेक फिर्यादी आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणती चोरी कोणत्या ठाण्यातली, हेसुद्धा पक्कं सांगता यायचं नाही. पण तेलीबांध्याच्या वसतिगृहातून एक मुलगी नाहीशी झाली, ते प्रकरण मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत जसंच्या तसं आठवतं. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता आणि शेवटी कोणाला शिक्षाही झाली नाही. त्यातल्या माणसांची नावं मी लिहिणार नाही. बरेच जण हयात आहेत आणि आपापल्या कामात आहेत.

रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं. ज्या बंगल्यात कालपर्यंत सिंचन खात्याचा इंजिनिअर राहत होता, तिथे आज मंत्री राहायला यायचा. रस्त्यात लाल दिव्याच्या गाड्या वाढल्या आणि आमचा अर्धा दिवस बंदोबस्तात जायला लागला. मंत्रालयं आली तशा समाजसेवी संस्थाही आल्या. त्यांतल्या काही नुसत्या बोर्डापुरत्या होत्या. काही मात्र मनापासून काम करणाऱ्या, आणि आमच्या ताईंची संस्था त्या दुसऱ्या प्रकारातली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कोणी त्यांना लबाड समजू नये.

ताई म्हणजे समता कॉलनीतल्या एका जुन्या मराठी घरातल्या. भोसल्यांच्या काळापासून हे घराणं रायपुरात. शाळेत शिकवायच्या, निवृत्त झाल्यावर स्वतःचा भविष्य निर्वाह निधी मोडून त्यांनी तेलीबांध्याच्या तलावामागे एक दुमजली घर भाड्याने घेतलं आणि गरीब घरच्या मुलींसाठी वसतिगृह काढलं. मी त्या भागातला टीआय, म्हणजे ठाण्याचा प्रमुख. मीही इथलाच, वडील अमरावतीकडून रेल्वेच्या नोकरीत आले आणि इथेच राहिले. त्यामुळे ताई ठाण्यात आल्या की बोलणं मराठीतच व्हायचं.

त्या दिवशी सकाळी रोल कॉल आटोपून मी खुर्चीवर टेकतो न टेकतो, तोच ताई आत आल्या. मागे त्यांच्या संस्थेतला एक तरुण अधिकारी, दिल्लीकडून शिकून आलेला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला.

"ताई, बसा. पाणी घ्या आधी."

"पाणी काय घेऊ साहेब? पोट्टी गेली माझी! सकाळी पाहतो तर बिछाना रिकामा."

मुलगी चौदा वर्षांची. आठवीत होती, हुशार होती. मी विचारलं, कोणावर संशय?

"संशय कशाचा? तिच्या बापानंच नेली. दारुडा आहे. दारूपायी विकायला निघाला होता तिले, आम्ही सोडवून आणली. आता मोठी झाली म्हणून पुन्हा डोळा गेला असन त्याचा."

तो तरुण अधिकारी मान हलवत होता. ताईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं. मी मुंशीला, म्हणजे ठाण्याच्या कारकुनाला, फिर्याद लिहायला सांगितलं. अल्पवयीन मुलीचं अपहरण, संशयित म्हणून बाप, बापाचा धंदा गुढियारीच्या मालधक्क्यावर हमाली. रोजनाम्यात नोंद झाली, बिनतारी संदेश गेला, स्टेशन आणि बस स्टँडवर माणसं पाठवली.

घाई आणखी एका कारणानं होती. चार-सहा दिवसांवर संस्थेचा मोठा कार्यक्रम होता. बाहेरच्या एका धनाढ्य घराण्याचा ट्रस्ट वसतिगृहासाठी स्वतःची इमारत बांधून देणार होता, तशी घोषणा व्हायची होती. मंत्री येणार होते. आणि कार्यक्रमात भाषण करणार होती नेमकी हीच मुलगी. झालं! दुपारपर्यंत वरून फोन सुरू झाले.

मुलगी हरवली की आम्ही आधी तिच्या आसपासच्या ठेलेवाल्यांकडे जातो. घरच्यांना दिसत नाही ते पानठेल्यावाल्याला दिसतं. तलावाच्या काठावर माझा एक जुना मुखबीर, म्हणजे खबऱ्या, पान लावायचा. त्याने खबर दिली, "साहब, एक हमाल शाम को आके खड़ा रहता था. गेट के पास नहीं, इधर तालाब के किनारे. घंटों देखता रहता, फिर चुपचाप चला जाता."

"किसी से बात करता था?"

"किसी से नहीं. मेरे से बीड़ी भी नहीं ली कभी."

आमचे हेडसाहेब, म्हणजे हेड कॉन्स्टेबल, मोठ्या खुशीत म्हणाले, "सर, केस तो खुल गया." मलाही तसंच वाटलं. फिर्यादीत बापाचं नाव, मुखबिराकडून पाळत ठेवल्याची खबर. आणखी काय पाहिजे?

दुसऱ्या दिवशी सकाळी गुढियारीत आम्ही त्याला मालधक्क्यावरच गाठलं. सिमेंटच्या गोणी उतरवून राहिला होता. पोलीस पाहून पळाला नाही. गोणी खाली ठेवली, गमछ्याने तोंड पुसलं आणि "हव साहब" म्हणून आमच्यासोबत चालू लागला. त्याची खोली जवळच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत होती. झडती घेतली. एक खाट, दोन भांडी, भिंतीला टांगलेला कंदील. कोपऱ्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या मुलीच्या नव्या चपला निघाल्या. हेडसाहेबांनी त्या माझ्यासमोर अशा धरल्या की जणू चोरीचा मालच सापडला.

पण माझं लक्ष त्या माणसाच्या गळ्याकडे गेलं होतं. त्याच्या गळ्यात तुळशीची कंठी होती. छत्तीसगडात ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना हे सांगायला नको. ही कंठी कबीरपंथी घालतात, आणि कंठी घातलेला माणूस दारूला शिवत नाही. अपवाद असतात, मला माहीत आहे. देवाच्या माळा घालून गळे कापणारेही मी पाहिलेत. म्हणून शेजारणीला विचारलं, हा पितो का? ती बाई माझ्यावरच उखडली. "काबर पीही? कंठी वाले आय!" का म्हणून पिईल, कंठीवाला आहे तो, असं मलाच सुनावून ती आत गेली.

इथे पहिल्यांदा मनात आलं की कुठेतरी पाणी मुरतंय.

ठाण्यात आणून त्याला बाकावर बसवलं. अजून अटक दाखवली नव्हती. हेडसाहेब हाताची बोटं मोडत म्हणाले, "सर, मेरे को दे दीजिए थोड़ी देर. अभी बताएगा." मी नाही म्हटलं. मारून मिळालेली माहिती मारणाऱ्याला हवी असते तीच निघते, हे मी फार लवकर शिकलो होतो. माझी पद्धत वेगळी. माणसाला बसवून ठेवायचं, चहा-जेवण द्यायचं, आणि तो काय करतो ते पाहत राहायचं. माणूस तोंडाने जेवढं लपवतो तेवढं त्याला हातापायांनी लपवता येत नाही.

मी विचारलं, "मुलगी कुठे आहे?"

त्याने मान खाली घातली.

"तूच नेली ना?"

"नइ साहब."

"विकलीस?"

तेव्हा मात्र त्याने मान वर केली. "मैं बेचे नइ हंव साहब," एवढंच म्हणाला, आणि पुन्हा खाली पाहू लागला. आवाज चढला नाही, रडला नाही, पाया पडला नाही.

दुपारी समोरच्या हॉटेलातून डाळ-भात मागवला. तो सावकाश जेवला, ताटात एक शीतही ठेवलं नाही. नळावर जाऊन ताट धुतलं, पालथं घातलं आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. मी टेबलावरून हे पाहत होतो. माझ्या डोक्यात तिथेच काहीतरी अडकलं. हरवलेल्या मुलांचे बाप मी पुष्कळ पाहिले होते. त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. दर माणूस आत आला की ते उठून उभे राहतात. आणि मुलगी विकलेला बाप? तो भयंकर बोलतो. शपथा घेतो, दुसऱ्यावर ढकलतो, जेवण समोर आलं की भीतीने नुसता चिवडत बसतो. हा माणूस दोन्हींत बसत नव्हता. मुलगी कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं आणि ती सुखरूप आहे याचीही त्याला खात्री होती. तरी सांगत नव्हता. काहून?

तेवढ्यात वरून फोन आला. "हमाल मिल गया ना? गिरफ्तारी दिखाइए. कार्यक्रम से पहले अख़बार में आ जाना चाहिए." मी म्हणालो, "सर, लड़की अभी मिली नहीं है." पलीकडून उत्तर आलं की लड़की भी मिल जाएगी, आप गिरफ्तारी दिखाइए. म्हणजे माझ्याकडे फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत वेळ होता. एकदा का अटक दाखवली आणि मुलगी विकल्याचं कलम लागलं, की त्या माणसाला जामीन मिळायला महिने गेले असते. वकील कोण देणार होतं त्याला? आणि तुरुंगातून सुटून आल्यावरही तो पाऱ्यात मुलगी विकणारा बापच राहिला असता.

मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो. माझी आई रेल्वे कॉलनीत राहायची तेव्हा शेजारच्या एका छत्तीसगढी बाईशी तिचं गंगाजल होतं. इकडची ही रीत आहे. दोन माणसं देवासमोर गंगाजल, महाप्रसाद किंवा भोजलीची, म्हणजे गव्हाच्या अंकुरांची, पाती एकमेकांना देतात आणि जन्मभराचे मितान होतात. सख्ख्या भावंडांपेक्षा जवळचं नातं. जात आड येत नाही, गरिबी आड येत नाही. आमच्या घरी त्या बाईंचं ताट आईच्या शेजारीच लागायचं. मला शाळेतून यायला उशीर झाला तर आई घाबरायची नाही, म्हणायची, "गंगाजलकडे असन." ते आठवलं तसं मी त्याला विचारलं, "तुझा मितान कोण आहे?"

तो चपापला. मग पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं.

"महाप्रसाद हवय साहब."

"नाव काय त्याचं?"

"मितान के नाव नइ लेवंय साहब."

बरोबर होतं त्याचं. मितानाचं नाव तोंडाने घेत नाहीत. आईनेही त्या बाईंना जन्मभर 'गंगाजल' अशीच हाक मारली. मी म्हटलं, "नको घेऊ नाव. घर दाखव. मुलगी तिथेच आहे ना?"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग हात जोडले आणि म्हणाला, "देखा देहूँ. फेर ओला माइक म झन खड़ा करहू, साहब." दाखवतो, पण तिला माइकसमोर उभी करू नका.

मी म्हटलं, माइक कसला?

मग त्याने सांगितलं. अडखळत, थांबत थांबत, कोणाचीही तक्रार न करता. बायको तापात गेली तेव्हा मुलगी लहान होती. मालधक्क्यावर रात्रंदिवस गाड्या लागतात. तिला खोलीत एकटं ठेवायची त्याला भीती वाटायची. कोणीतरी ताईंच्या वसतिगृहाचं सांगितलं, तो स्वतः हात धरून तिला सोडून आला. दर रविवारी बिही घेऊन जायचा. बिही म्हणजे पेरू, तिला आवडायचे. मग एकदा गेटवरच्या माणसाने सांगितलं की आज पाहुणे आहेत, आज नको. मग सांगितलं, येतच जाऊ नको, बाहेरचे लोक येतात, बरं दिसत नाही. तेव्हापासून तो तलावाच्या काठावर उभा राहायचा. संध्याकाळी मुली गच्चीवर कपडे काढायला यायच्या, तेवढ्यात ती दिसायची. तिच्यासाठी घेतलेल्या चपला खोलीतच पडून राहिल्या.

काही महिन्यांपूर्वी त्याला कळलं की मुलगी मोठ्या हॉलमध्ये लोकांसमोर बोलणार आहे. किती आनंद झाला असेल त्याला! मितानाला गावाहून बोलावून घेतलं. दोघांनी धुतलेले कपडे घातले आणि हॉलमध्ये सगळ्यात मागे, दाराजवळ जाऊन उभे राहिले. मुलगी माइकवर आली. तिने सांगितलं की माझा बाप दारू प्यायचा, मला मारायचा, आणि एक दिवस त्याने मला विकायला काढलं. लोकांनी डोळे पुसले आणि टाळ्या वाजवल्या. मितानाने याचा हात धरला आणि बाहेर नेलं. दारातून निघताना मुलीने त्याला पाहिलं.

हेडसाहेबही तिथेच उभे होते. ते काही न बोलता बाहेर गेले आणि त्याच्यासाठी चहा घेऊन आले.

जीप काढली, सोबत महिला शिपाई घेतली. तेलीबांध्याच्या पुढे, जिकडे आता नव्या राजधानीचे रुंद रस्ते झालेत, तिकडे तेव्हा साधी गावं होती. मितानाचं घर मातीचं, मागे भाजीची बाडी. मितान म्हणजे वांगी विकणारा एक किडकिडीत माणूस. पोलिसांची जीप पाहूनही तो आधी आमच्याकडे आलाच नाही. "सीताराम महाप्रसाद" म्हणत थेट मित्राच्या गळ्यात पडला.

मुलगी बाडीत होती. आम्हाला पाहून ती मितानाच्या बायकोच्या मागे जाऊन उभी राहिली. बापाने पुढे पाऊल टाकलं नाही. तो अंगणातच उभा राहिला. मी महिला शिपायाला खुणेनेच थांब म्हटलं. थोड्या वेळाने ती पोरगी एकेक पाऊल टाकत समोर आली आणि खाली मान घालून म्हणाली, "मैं लबारी मारेंव, ददा." मी खोटं बोलले, बाबा.

बापाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, "बने बोले हस नोनी. माइक म डर्राए नइ हस."

छान बोललीस पोरी, माइकला घाबरली नाहीस. एवढंच म्हणाला तो. पोलिसांच्या नोकरीत डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नसतं, पण मी खोटं लिहीत नाही, मला जीपकडे तोंड करून उभं राहावं लागलं.

मुलीचा जबाब महिला शिपायाने घेतला. तिला कोणी पळवलं नव्हतं. नव्या कार्यक्रमात आधीपेक्षा जास्त बोलायचं होतं. संस्थेतले भैया, म्हणजे तोच तरुण अधिकारी, तयारी करून घेत होते; म्हणाले होते, शेवटी थोडं थांब, रडू आलं तर अडवू नको. ती पहाटेच बाहेर पडली आणि टेम्पोत बसून इथे आली. बापाच्या खोलीवर जायची तिला लाज वाटत होती. आणि मितानाने त्याच दिवशी मालधक्क्यावर निरोप धाडला होता की नोनी आपल्याकडे आहे. "मेरे को पढ़ना है, मैडम," ती महिला शिपायाला म्हणाली, "बोलना नहीं है."

कायद्याप्रमाणे मुलीला बाल कल्याण समितीपुढे हजर केलं. समितीने चौकशी होईपर्यंत बापाच्या देखरेखीत मितानाच्या घरी राहू दिलं. आता राहिली ती फिर्याद. मी ताईंना ठाण्यात बोलावलं. तो तरुण अधिकारीही आला होता. त्याला बाहेर बसवलं.

"ताई, मुलगी सापडली. सुखरूप आहे."

त्यांनी हात जोडून देवाचं नाव घेतलं. जीव भांड्यात पडला त्यांचा.

"आता एक सांगा. बापाने तिले विकायला काढली होती, हे तुम्हाले कोणी सांगितलं?"

"सगळ्यांनाच माहीत आहे ते."

"सगळे कोण? मुलगी म्हणाली का? तुम्ही तिले सोडवून आणली म्हणता, कुठून आणली? कोणाच्या हातून?"

ताई बोलायला गेल्या आणि थांबल्या. त्या क्षणी त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. त्या आठवून पाहत होत्या आणि आठवायला काहीच नव्हतं. इतक्या वेळा, इतक्या लोकांसमोर त्यांनी ती गोष्ट सांगितली होती की ती आपल्याच डोळ्यांसमोर घडली असं त्यांना वाटायला लागलं होतं. फिर्याद देताना त्या खोटं बोलत नव्हत्या. अशा साक्षीदारापुढे पोलीस हात टेकतो, कारण त्याच्या डोळ्यांत चोरी नसते.

"त्यानंच आणून सोडली होती," त्या हळूच म्हणाल्या. "हात धरून. मीच नाव लिहून घेतलं होतं."

"मग?"

"अहो साहेब, पहिल्या वर्षी आम्ही खरं तेच सांगत होतो. पोट्टी हुशार आहे, आई नाही, बाप हमाली करतो. एक मोठे गृहस्थ आले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, मग बाप आहे ना? आणि उठून गेले. दुसरे आले, त्यांनीही तेच विचारलं. बाप आहे, कमावतो, मग आमची गरज काय? लोक पंखे देतात साहेब, पात्यावर नाव लिहून. संगणक देतात. घराचं भाडं मागितलं, स्वयंपाकीणबाईचा पगार मागितला, की तोंड फिरवतात. भाड्याच्या पावतीवर कोणाले रडू येत नाही ना! मग बाहेर बसलेल्या या पोराने सांगितलं की गोष्टीत जोर पाहिजे. आधी म्हटलं, बाप पितो. कोणाचं बिघडलं त्यात? मग म्हटलं, मारतो. थोडं थोडं वाढत गेलं. मले काय माहीत होतं तो मागे उभा राहून ऐकून राहिला होता?"

मला राग आला होता आणि मी तो लपवला नाही. "ताई, तुमच्या या गोष्टीवर मी एक माणूस ठाण्यात आणून बसवला. वरचे म्हणून राहिले अटक दाखव. उद्या तो तुरुंगात असता."

"आता मी हे कबूल केलं तर वसतिगृह बंद पडन साहेब. सगळ्या पोट्ट्या जातील कुठे?"

ती धमकी नव्हती, बहाणा नव्हता, खरंच त्या मुलींना दुसरं छप्पर नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "ते तुम्ही ठरवा. पण फिर्यादीत जो बाप लिहिलाय, तसा बाप कुठेच नाही. जो आहे, तो बाहेर बाकावर बसलाय."

ताई उठल्या. मला वाटलं घरी निघाल्या. त्या बाहेर गेल्या, त्या हमालाजवळ बाकावरच बसल्या आणि त्याचे हात हातात घेऊन रडल्या. तो बिचारा इतका संकोचला की उठून उभा राहिला. नंतर आत येऊन त्यांनी पुरवणी जबाब दिला, स्वतःच्या तोंडाने, एकही वाक्य गाळलं नाही. त्यावर मी गुन्ह्याचा खात्मा पाठवला, म्हणजे गुन्हा घडलाच नाही असा अहवाल. वरच्यांची बोलणी खाल्ली, ती खायचीच असतात.

कार्यक्रम ठरल्या दिवशीच झाला. मी बंदोबस्ताला हॉलमध्येच होतो. मंत्री बसले होते, ट्रस्टची मंडळी बसली होती. ताई माइकवर आल्या. त्यांनी हिंदीत सांगितलं, की ज्या मुलीची गोष्ट आपण पत्रिकेत वाचली तिच्या वडिलांनी तिला विकलं नाही. ते हमाली करतात, दारू पीत नाहीत, आणि मुलीला शिकवायचं म्हणून त्यांनीच तिला आमच्याकडे आणलं. आम्ही चुकीचं सांगितलं, मी माफी मागते. तो तरुण अधिकारी कपाळाला हात लावून बसला होता. मंत्र्यांनी घड्याळ पाहिलं. ट्रस्टच्या लोकांनी आपापसांत कुजबुज केली आणि विचार करून कळवतो म्हणाले. त्यांनी कधीच कळवलं नाही.

खरं बोलल्याने सगळं चांगलं झालं, असं लिहून मी वाचकांना फसवणार नाही. इमारत झाली नाही. वरचा मजला सोडावा लागला, काही मुलींना दुसरीकडे पाठवावं लागलं आणि त्यातल्या एक-दोघींची शाळा सुटली, हे ताईंनीच मला सांगितलं. पण खालचा मजला टिकला. समता कॉलनीतल्या आणि गुढियारीतल्या काही साध्या घरांनी भाड्याचा आणि स्वयंपाकाचा भार वाटून घेतला. आमची ही मुलगी समितीच्या आदेशाने परत तिथेच राहायला आली, शिकली आणि नर्स झाली. रविवारी तिच्या बापासाठी गेट उघडायचं, पाहुणे असले तरी.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? फिर्यादी प्रामाणिक आहे म्हणून फिर्याद खरी आहे असं समजू नये, हे तर आहेच. पण पोलिसाच्या कामापलीकडचंही काही शिकवलं. भलं करायला निघालेल्या माणसांवर केवढा दाब असतो, ते मी जवळून पाहिलं. देणाऱ्याला नुसतं गरीब माणूस पुरत नाही, त्याला कोणीतरी वाईट माणूसही लागतो, म्हणजे आपण कोणाच्या तावडीतून कोणाला सोडवलं हे कळतं. आणि ती वाईट माणसाची जागा भरायला सगळ्यात सोपा सापडतो तो घरचाच माणूस, कारण तो बोलायला येत नाही. त्याला बोलावलेलंच नसतं. देणारे दुष्ट नसतात, घेणारेही नसतात, आणि तरी एका बापाला आपल्या मुलीच्या तोंडून ते सगळं ऐकावं लागतं.

निवृत्त झाल्यावर मलाही संस्थांची निमंत्रणं येतात. साहेब, या, दोन शब्द बोला, मुलांना बरं वाटेल. मी जातो. चांगली माणसं आहेत, त्यांना हुरूप दिला पाहिजे. मग एखाद्या लहान मुलीला पुढे आणतात, तिच्या उंचीला माइक खाली करतात, हॉल शांत होतो. अशा वेळी मी शेजारी बसलेल्या आयोजकांना हळूच विचारतो, "हिच्या घरचं कोणी आलंय का?"

बहुतेक वेळा ते मान वळवून मागे दाराकडे पाहतात.